मामंजी आणि आभाळाची प्लेट

श्रीगोंदा तालुक्यातल्या यच्चयावत माणसांना आमच्या मामंजींनी आतून पाहिलेलं होतं, आणि बाहेरून त्यातल्या एकालाही ते ओळखत नसत. मामंजी म्हणजे माझे सासरे. गावात एक्स-रेचं यंत्र असलेले ते एकमेव डॉक्टर. त्यामुळे झाडावरून पडलेला, बैलानं उडवलेला, उसाच्या गाडीखाली सापडलेला आणि दोन-दोन महिने खोकणारा असा सगळा तालुका केव्हा ना केव्हा त्यांच्या यंत्रासमोर उघड्या अंगानं उभा राहून गेला होता. बाजारात एखादा माणूस वाकून नमस्कार करी, घरातल्या सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारी, आणि मामंजी त्याच्याकडे बघत सभ्य, कोरं हसू हसत राहत. शेवटी तो बिचारा ओशाळून म्हणे, "डाक्टर, वळखलं न्हाई व्हय? मागल्या साली माजी बरगडी मोडली हुती." मग मामंजींचा चेहरा एकदम उजळे. "डावीकडची सातवी ना? अहो, मग आधी सांगायचं. नीट जुळली का?" आणि भर बाजारात त्याला सदरा वर करायला लावून ते बरगडीची विचारपूस करत. सासूबाई म्हणत, "जत्रेत माझी चुकामूक झाली तर हे मला शोधणार कसे? माझी एक्स-रेची प्लेट काखोटीला मारूनच यांच्याबरोबर हिंडायला हवं."

कुठलीही वस्तू उजेडासमोर धरल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा दुसरा नेम. पोस्टमनने पाकीट दिलं की ते आधी खिडकीशी नेऊन आरपार बघत आणि मग फोडत. ताटातली पोळी दिव्यासमोर धरून तिचा कच्चा भाग कुठे राहिलाय ते बोटानं दाखवत, आणि मग निमूटपणे तो भाग आधी खात. माझ्या लग्नातला शालूसुद्धा त्यांनी दुकानातल्या दिव्यापुढे धरून पाहिला होता आणि दुकानदाराला सांगितलं होतं, "विणीत दोष नाही. छाती साफ आहे." लग्नात दोन्हीकडच्या मंडळींचा एकत्र फोटो काढायचा होता तेव्हा नगरहून आलेला फोटोग्राफर "जरा हसा" म्हणायच्या आत मामंजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "श्वास घ्या. धरा. हलू नका." तालुक्यातली मंडळी या हुकमाला सरावलेली होती, आणि माझ्या माहेरच्यांना वाटलं की इकडची रीतच असेल. आमच्या लग्नाच्या फोटोत चाळीसेक माणसं छाती फुगवून, डोळे वटारून उभी आहेत. "सोडा" म्हणायला मामंजी विसरले, आणि माझी एक थोरली मावशी लाल होईपर्यंत तशीच उभी राहिली.

पण प्लेट वाचण्याच्या बाबतीत हा माणूस विसरभोळा नव्हता. त्याची त्यांची रीत देवपूजेसारखी ठरलेली होती. अंधाऱ्या खोलीतून ओली प्लेट निथळत बाहेर यायची, दिव्याच्या पेटीवर अडकवली जायची, आणि मग रोगी, त्याची बायको, म्हातारा बाप, जो कोणी बरोबर असेल तो सगळा गोतावळा समोर उभा करून मामंजी मोठ्यानं वाचायला सुरुवात करायचे. आधी हाडं, मग हृदय, मग फुप्फुसं. रोगाचं नाव सगळ्यात शेवटी. आधी जे दिसतं ते सांगायचं, आणि जे दिसत नाही ते सांगायचं नाही. एकदा साखर कारखान्याच्या राजकारणातले एक वजनदार गृहस्थ आपल्या भाच्याला घेऊन आले. भाच्याला नोकरीतून लांब रजा हवी होती आणि त्यासाठी छातीत काहीतरी हवं होतं. "बारीकसं असलं तरी चालंल, डाक्टर," गृहस्थ म्हणाले. मामंजींनी प्लेट लावली, पहिल्या बरगडीपासून बारावीपर्यंत शांतपणे वाचली आणि सांगितलं, "तुमचा भाचा माझ्यापेक्षा जास्त जगेल." "जरा परत बघा की," गृहस्थ म्हणाले. मामंजींनी चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाले, "आता तर आणखीच स्वच्छ दिसतेय." गृहस्थ रागावून निघाले तेव्हा त्यांना दारापर्यंत पोचवत मामंजींनी अगदी प्रेमानं समजावलं, "प्लेटीत नाही ते माझ्या तोंडात नाही. मी काय करू?" त्यानंतर बरेच दिवस कारखान्याचे पेशंट पन्नास-साठ किलोमीटरची धूळ खात नगरला जात राहिले. मामंजींना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण कोण यायचं थांबलं हे कळायला आधी चेहरे लक्षात राहावे लागतात.

माझी सोयरीकही त्यांनी याच रीतीनं जमवली. माझं माहेर नगरचं, आणि मी पदार्थविज्ञान घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते. बघण्याच्या कार्यक्रमाला मी पोहे घेऊन गेले. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, या प्रश्नांची उत्तरं मी पाठच करून ठेवली होती. मामंजींनी विचारलं, "मुली, एक्स-रे हवेतून जातात का?" मी म्हटलं, "थोडी हवा असली तर जातात. जाड थर असला तर अडतात." त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, सासूबाईंकडे वळून म्हणाले, "झालं. ही आपली," आणि निघायला उठले. नवऱ्या मुलानं, म्हणजे साखर कारखान्यात केमिस्ट असलेल्या आमच्या ह्यांनी, तोवर मान वर करून माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. ते पोह्यांतले शेंगदाणे शोधत होते.

असा प्रश्न त्यांनी का विचारला, ते मला श्रीगोंद्याला नांदायला आल्यावर कळलं. आदल्या हिवाळ्यात केनियाच्या किनाऱ्याजवळून एक उपग्रह आकाशात सोडला होता. ताऱ्यांकडून येणारे एक्स-रे मोजणं, एवढंच त्याचं काम. केनियाच्या स्वातंत्र्यदिनी तो उडाला म्हणून त्याचं नाव ठेवलं 'उहुरू', म्हणजे त्यांच्या भाषेत स्वातंत्र्य. ही बातमी मामंजींनी पुण्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका परदेशी मासिकात वाचली, आणि त्या दिवसापासून त्यांचं आयुष्य बदललं. तोपर्यंत आकाश हे ज्योतिष्यांचं आणि कवींचं खातं होतं आणि तिथे त्यांना काही काम नव्हतं. पण तारे एक्स-रे सोडतात म्हटल्यावर आकाश ही आमच्या दवाखान्याचीच शाखा झाली. गोठ्यातल्या नव्या कालवडीचं नाव त्यांनी उहुरू ठेवलं. ती नावाला जागून दावं तोडून पळायची आणि सासूबाई भर गल्लीतून "उहुरू, उहुरू" करत तिच्यामागे धावायच्या. सगळ्या मराठी मुलखात स्वातंत्र्याचा असा पाठलाग करणारी ती एकच बाई असेल.

जेवताना दुसरा विषय नसे. "आपली हवा म्हणजे काय आहे, सूनबाई? देवानं पृथ्वीला घातलेला शिशाचा ॲप्रन. वरचे एक्स-रे खाली येऊच देत नाही. म्हणून तर उपग्रह वर न्यावा लागला." मग भाताकडून ते दीर्घिकांकडे वळत. आपल्या आकाशगंगेसारख्या हजारो दीर्घिका एकेका ठिकाणी पुंजका करून असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेतून एक्स-रे येताना उहुरूला आढळले होते. म्हणजे जिथे काही नाही असं सगळे समजत होते तिथे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला होता. "फुप्फुसासारखं बघ," मामंजी म्हणायचे. "प्लेटवर काळं दिसतं म्हणून अडाण्याला वाटतं आत रिकामं आहे. अरे, त्या रिकाम्यावरच तर माणूस जगतो." सासूबाई म्हणायच्या, "रिकाम्याचं पुरे. ताटातलं भरलेलं वांगं गार होतंय."

त्यांचा सगळ्यात लाडका होता तो हंस तारकासमूहातला तारा. तिथे एक भलाथोरला निळा तारा कुणाभोवती तरी पाचसहा दिवसांत गिरकी घेतो, पण तो कुणीतरी काही केल्या दिसत नाही. त्या न दिसणाऱ्यात निळ्या ताऱ्याचा वायू ओढला जातो, पडता पडता भयंकर तापतो, आणि त्यातून एक्स-रे निघतात. ते कृष्णविवर असावं अशी शास्त्रज्ञांत नुकती कुजबुज सुरू झाली होती. मामंजींना त्यात नवल वाटत नव्हतं. "जो दिसत नाही त्याचं निदान त्याच्या सोबत्यावरून करायचं. आम्ही हेच तर करतो. दारू नवरा पितो, आणि प्लेट निघते बायकोच्या मोडक्या हाताची." हे बोलून ते बराच वेळ जेवले नाहीत, हेही मला आठवतं.

मी येण्यापूर्वी या सगळ्याला श्रोता नव्हता. सासूबाई डाळ निवडता निवडता ऐकत आणि खडे मोठ्यानं मोजत. आमचे हे हंगामात पाळीवरून आले की दुसऱ्या वाक्याला घोरत. मी आले, आणि चार वाजताचा चहा हा आमच्या घरातला एक वर्गच झाला. दुपारचे पेशंट संपले की मामंजी मासिक घेऊन येत, मी इंग्रजी वाचून मराठीत सांगे, ते वाद घालत, मी उलट वाद घाले. पहिल्यांदा मासिकात एक्स-रे ताऱ्यांचा नकाशा आला, काळ्या आकाशावर पांढरे ठिपके, तेव्हा मामंजींनी तो आपल्या रीतीनं वाचला. पांढरं म्हणजे हाड, म्हणजे जिथे किरण अडले ती जागा. मी म्हटलं, "मामंजी, इथे किरण पेशंटमधून आरपार जात नाहीत. इथे पेशंटच किरण सोडतोय." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाला येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मग या पेशंटला श्वास धर म्हणून सांगणार कोण?" नवीन घरात नव्या सुनेला करमायला वेळ लागतो म्हणतात. मला करमलं ते त्या चहापायी, आणि ते मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे.

पुढच्या उन्हाळ्यात गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मामंजींचं व्याख्यान ठरलं. दरवर्षी ते 'क्षयरोग आणि आपण' यावर बोलत. या वर्षी त्यांनी विषय दिला 'आकाशाचा एक्स-रे'. गावात दवंडी पिटणाऱ्यानं त्याचं आपल्या परीनं "डाक्टर आभाळाचा एक्स-रे काढनार" असं करून टाकलं, आणि चौकशीला माणसं येऊ लागली. मामंजी मात्र वेगळ्याच आनंदात होते. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. नकाशाचं ते पान मासिकातून कापून त्यांनी दिव्याच्या पेटीवर लावलं होतं. "इकडे बघ. नरतुरंग तारकासमूहाच्या जरा वर. सरळ कडांची, लांबट, उभी सावली. मासिकवाल्यांनी एका अक्षरानं उल्लेख केलेला नाही. त्यांच्या नजरेतून सुटली." सावली खरंच होती. इतकी चौकोनी वस्तू आकाशात कशी काय, म्हणून मी पान पेटीवरून काढलं आणि उलटवून बघितलं. मागच्या बाजूला शीतकपाटाची जाहिरात होती. दार उघडून एक गोरी बाई आतले टोमॅटो दाखवत होती. मामंजींनी ती जाहिरात बराच वेळ पाहिली. "दूधसुद्धा दिसतंय आत," ते म्हणाले, आणि घरात निघून गेले.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मामंजी दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात भरल्या सभेपुढे उभे राहिले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "काल मी आकाशात एक नवी सावली शोधली होती. ती शीतकपाटाची निघाली. चूक माझी होती, आणि ती सूनबाईंनी काढली." त्या वेळी श्रीगोंद्यात शीतकपाट पाहिलेली माणसं थोडीच. लोकांनी तो एखादा ग्रह असेल असं धरून टाळ्या वाजवल्या. मग तास दीड तास ते असे काही बोलले की काखेत जुन्या प्लेटा घेऊन आलेले लोकही उठले नाहीत. शेवटी शाळेतल्या एका गुरुजींनी विचारलं, "डॉक्टर, एक्स-रे डोळ्यांना दिसत नाहीत, तर उपग्रहाला ते कळले कसे?" मामंजी म्हणाले, "हे सूनबाई सांगतील." मी बायकांच्या बाजूला बसले होते. उठले, तोंड उघडलं आणि सांगत गेले. उपग्रहात वायूनं भरलेली एक पेटी आहे, एक्स-रे आत शिरला की तिच्यात विजेचा बारीकसा ठोका उठतो, आणि उपग्रह फिरत असताना कुठल्या दिशेला ठोके वाढतात ते मोजायचं. अंधारात पाऊस दिसला नाही तरी पत्र्यावर वाजतो, तसंच हे. बसताना मला वाटलं, हे असंच आयुष्यभर शिकत आणि सांगत बसावं. वाचनालयाचे चिटणीस आभार मानताना म्हणाले, "डॉक्टर, सूनबाईंना पुढं शिकवा." अभिमानानं फुललेल्या मामंजींनी सगळ्या गावासमोर सांगून टाकलं, "शिकवणारच."

मी तो शब्द धरला. पुण्याला एम.एस्सी.साठी अर्ज केला आणि मला प्रवेश मिळाला, वसतिगृहात जागाही मिळाली. आमचे हे वडिलांना दादा म्हणत. ते म्हणाले, "माझी हरकत नाही. दादांना विचार." सासूबाई म्हणाल्या, "त्यांनीच कबूल केलंय, त्यांनाच विचार." आणि मामंजींनी, ज्यांनी एक्स-रेवरून सून पसंत केली होती त्यांनी, प्रवेशाचं पत्र सवयीनं खिडकीशी धरून आरपार पाहिलं आणि घडी घालून परत दिलं.

मग त्यांना पुण्याचे दोष आठवायला लागले. पुण्याची हवा दमट. तिथलं पाणी जड. खानावळीच्या जेवणानं भलेभले आजारी पडलेले त्यांनी पाहिले होते, आणि सगळ्यांची जठरं त्यांना पाठ होती. "आणि पुण्याला असं वेगळं काय आहे? आकाश तेच. उलट आपलं जास्त स्वच्छ." त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, त्यामुळे आकाश नको इतकं स्वच्छ होतं, हे खरंच. चार वाजताचा चहा चालू होता, पण दोघंही चहाच पीत होतो. मी मनातून संतापले होते. सगळ्या गावाला आरपार बघणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या मुलीच्या मनातलं दिसू नये, याचा राग येत होता. त्यांच्या मनात काय आहे ते मलाही दिसलं नव्हतं, हा भाग वेगळा.

वसतिगृहाला डॉक्टरचा प्रकृतीचा दाखला हवा होता. दोन दिवसांत तो गेला नाही तर जागा जाणार होती. मी कागद पुढे ठेवला तेव्हा मामंजी म्हणाले, "छातीची प्लेट काढल्याशिवाय मी सही करत नाही. परवा तू खोकत होतीस." फोडणीचा ठसका लागून मी एकदा खोकले होते. पण त्यांच्या डोळ्यांत एकाएकी उमेद आलेली पाहिली आणि मला कळलं की ही प्लेट माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे. यंत्रासमोर उभी राहिले. "श्वास घे. धर." तो श्वास त्यांनी मला जरा जास्तच वेळ धरायला लावला.

पाणी मोजकं होतं, तरी प्लेट त्यांनी नेहमीसारखी नीट धुतली, आणि ती निथळत असतानाच पेटीवर लावली. सासूबाई पदराला हात पुसत दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रीतीप्रमाणे मामंजी मोठ्यानं वाचू लागले. हाडं उत्तम. हृदय जागच्या जागी. मग फुप्फुसांशी येऊन ते थांबले. पुढे झाले, मागे झाले, चष्मा पुसला. प्लेट काढून उलटी लावली, पुन्हा सुलटी लावली. एखाद्या घरात वाईट बातमी सांगताना काढावा तसा आवाज काढून शेवटी म्हणाले, "काही नाही."

"काहीच नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"इतकी स्वच्छ छाती सगळ्या तालुक्यात पाहिली नाही मी."

"एखादी सावलीबिवली? नीट बघा हो."

"नाही म्हणतोय ना. कुठून आणू?"

पेटीवरच्या प्लेटवरून पाण्याचे थेंब खाली पडत होते. मामंजी माझ्याकडे न बघता, त्या प्लेटकडेच बघत म्हणाले, "तू गेलीस की मी बोलू कुणाशी, सूनबाई? हिला खडे मोजायचे असतात आणि तो झोपतो." मग त्यांनी कागद ओढला आणि दाखल्यावर सही केली. प्लेटीत नव्हतं ते त्यांच्या लेखणीतूनही उतरलं नाही. माझा सगळा राग त्या एका वाक्यासरशी गेला, आणि जावं की राहावं तेच मला कळेना. सासूबाईंनीच ते ठरवलं. "बॅग भर," म्हणाल्या. "यांचं मी बघते."

पहिल्या सहामाहीनंतर मी दिवाळीला घरी आले. दवाखान्याच्या ओट्यावर एक बाई हाताला फडकं गुंडाळून बसली होती. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिचं बोट ठेचलं होतं आणि प्लेट वाळायची ती वाट बघत होती. मी बॅग टेकवली तशी तिनं मला जागा करून दिली आणि वेळ जावा म्हणून सांगायला लागली, "बाई, तुमाला ठावं हाय का, आभाळात दोन तारे हायेत. एक दिसतो, एक दिसतच न्हाई. दिसत न्हाई त्यो लई खादाड. दिसत्याचं समदं वढून खातो. आन् खाताना जो उजेड पडतो ना, त्योच ह्या डाक्टरच्या मशिनीत हाय." मी विचारलं, "कुणी सांगितलं?" "डाक्टरनीच की. प्लेट वाळंस्तवर सांगत्यात. मागल्या खेपंला आमच्या मालकाचा पाय मोडला तवा येगळं सांगितलं हुतं, पन त्ये आमच्या मालकाला झोप लागल्यामुळं ऱ्हायलं." तेव्हा मला समजलं की चार वाजताचा वर्ग बंद पडला नव्हता, तो ओट्यावर आला होता, आणि तिथेही निम्मे श्रोते झोपत होते.

चहाला मामंजी येऊन बसले. मासिक आणलं नव्हतं. "काय शिकलीस ते सांग," म्हणाले. मी शौरी तारकासमूहातल्या ताऱ्याचं सांगितलं, जे आमच्या सरांनी वर्गात नुकतंच सांगितलं होतं. त्याच्याकडून एक्स-रे सलग येत नाहीत, सव्वा सेकंदाला एक असे ठोक्यांनी येतात. "पहिलवानाची नाडी," मामंजी म्हणाले. मग दर दोनेक दिवसांनी ते ठोके थोडा वेळ बंद पडतात, कारण तो आपल्या मोठ्या सोबत्याच्या आड जातो. आड गेला तरी ठोके चालूच असतात, फक्त आपल्यापर्यंत पोचत नाहीत. बाहेर आला की पुन्हा ऐकू येतात. मी थांबले. मामंजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हे काही मला कळलं नाही. पुन्हा सांग." मला नवल वाटलं, कारण कळलं नाही हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मी कपबशी फिरवून पुन्हा सांगितलं. ते मान हलवत ऐकत राहिले, आणि संपल्यावर म्हणाले, "आड जातो म्हणजे नेमका कसा? पहिल्यापासून घे बरं." मी पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्या वेळी "पुन्हा" म्हणाले तेव्हा मी जरा वैतागले आणि चहाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चकल्या तळत होत्या. झारा कढईवर धरून त्या हळूच म्हणाल्या, "अगं, त्यांना सगळं आधीच कळलंय, मासिकात वाचून. तू यायच्या आधी आठ दिवस मला तेच सांगत होते. तू बोलत राहावीस म्हणून चाललंय ते."

पुढे मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. कळलेलं नसताना कळल्यासारखी मान हलवणारे विद्यार्थी मला शेकड्यांनी भेटले. सगळं कळलेलं असून, निव्वळ मी बोलत राहावं म्हणून न कळल्याचं सोंग घेणारा माणूस एकच भेटला, आणि तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवशी मी चहा गाळून बाहेर आणला. मामंजी खुर्ची पुढे ओढून बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.